शित कोणत्या भाताचे? देवनागरी संगणकावर आली तेव्हाच्या नमुन्यांची कथा

१/
१ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन झाले आणि दक्षिणेकडील भागाचा नवा जिल्हा अस्तित्वात आला. त्याला नाव मिळाले ते मालवणच्या समुद्रात, कुरटे बेटावर १६६४ ते १६६७ या काळात उभ्या राहिलेल्या जलदुर्गाचे. दप्तरांवर, शिक्क्यांवर, एसटीच्या पाट्यांवर ‘सिंधुदुर्ग’ हा शब्द पाहता पाहता रुळला. एका ठिकाणी मात्र तो उमटणे अवघड होते. त्या काळी बाजारात मिळणाऱ्या सामान्य संगणकाला हा शब्द शुद्ध देवनागरीत लिहिताच येत नव्हता.

२/
अडचण शब्दाच्या घडणीत होती. ‘सिंधुदुर्ग’ उच्चाराच्या क्रमाने सुटा केला तर दहा खुणा मिळतात: स, पहिली वेलांटी, अनुस्वार, ध, उकार, द, उकार, र, हलन्त आणि ग. परंतु कागदावर वेलांटी ‘स’च्या आधी येते. ‘र’ उच्चारात ‘ग’च्या आधी असला तरी लिहिताना रफार होऊन ‘ग’च्या डोक्यावर बसतो. इंग्रजीसाठी घडलेले यंत्र मिळालेले अक्षर मिळालेल्या क्रमाने पुढे मांडत जाई. हा शब्द तसा मांडून चालणार नव्हते.

३/
हा प्रश्न सुटला, आणि त्यात पुणे व मुंबई येथील संस्थांचा मोठा वाटा होता. मात्र या इतिहासाची एक बाजू क्वचितच सांगितली जाते. नवी व्यवस्था चालते हे दाखवण्यासाठी तिच्या निर्मात्यांनी कोणते नमुने निवडले? शितावरून भाताची परीक्षा होते असे मराठी माणूस म्हणतो. ते खरेच आहे. पण शित त्याच भांड्यातले हवे. देवनागरीच्या संगणकप्रवेशात हे शित कोणी काढले आणि कोणत्या भांड्यातून काढले, यावर पुढच्या अनेक वर्षांचे यशापयश ठरले.

४/
आधी ‘घटक’ या कल्पनेविषयी. ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे नाटोच्या पुरस्काराने सॉफ्टवेअर-अभियांत्रिकीवर परिषद भरली. बेल लॅब्जचे डग्लस मॅकिलरॉय यांनी तेथे मांडले की प्रत्येक प्रोग्राम पायापासून नव्याने लिहिण्याऐवजी तयार सुटे भाग एकत्र जोडता यावेत. यंत्रकारखान्यात नट-बोल्ट जसे मापाप्रमाणे मिळतात तसे सॉफ्टवेअरचे घटक मिळावेत. १९७३ साली युनिक्समध्ये आलेल्या ‘पाइप’ या सोयीमागेही त्यांचाच आग्रह होता.

५/
घटकाची एक मूळ अडचण असते. तो एकटा काहीच करत नाही. दाराची बिजागरी टेबलावर ठेवून तिचे गुण सांगता येत नाहीत; त्यासाठी दार बसवून ते उघडून दाखवावे लागते. सॉफ्टवेअरचा घटक, किंवा अनेक घटकांना सामावून घेणारी चौकट, लोकांपुढे मांडायची तर तिच्या आधारे एखादा छोटा प्रोग्राम लिहून चालवावा लागतो. हाच नमुना-प्रोग्राम. तो चौकटीची ओळख करून देतो, शिकणाऱ्याला पहिला धडा देतो, आणि चौकटीचे कच्चे दुवे झाकूही शकतो.

६/
मराठीला ही रीत नवी नव्हती. जावजी दादाजी चौधरी यांनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना सुरू केला आणि राणोजी रावजी आरू यांनी घडवलेल्या सुबक अक्षरांनी त्याचे नाव देशभर झाले. त्या युगात देवनागरी हीच मुळी सुट्या भागांची जुळणी होती. शेकडो खिळे, त्यांत अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, मात्रा आणि रफार. खिळे पाडणारे कारखाने गिऱ्हाइकाला नमुन्याचे पान छापून देत. चांगला मुद्रक त्या पानावरची सुंदर ओळ पाहून थांबत नसे. आपल्या मजकुरात येणारे अवघड जोडाक्षर त्यात आहे की नाही, हे तो शोधत असे.

७/
विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात आयआयटी कानपूर येथे आर. महेश के. सिन्हा आणि त्यांचे सहकारी संगणकावरील देवनागरीचा विचार करत होते. त्यांनी पकडलेले सूत्र पुढे निर्णायक ठरले: साठवण उच्चाराच्या क्रमाने करावी आणि अक्षराचे दृश्य रूप यंत्राने स्वतः घडवावे. लिहिणाऱ्याने ‘स’ आणि मग वेलांटी द्यावी; ती आधी दाखवायची हे काम यंत्राचे. भाषेचा क्रम आणि लिपीचा क्रम यांची ही फारकत साधी दिसते, पण पुढची सगळी इमारत तिच्यावर उभी राहिली.

८/
ऑक्टोबर १९८३ मध्ये नवी दिल्लीत तिसरे विश्व हिंदी संमेलन भरले. तेथे कानपूरच्या या संशोधनातून साकारलेला देवनागरी संगणक लोकांपुढे मांडण्यात आला. कळ दाबावी आणि पडद्यावर अक्षर योग्य जागी उमटावे, ही त्या प्रात्यक्षिकाची मोहिनी होती. देवनागरी ही संगणकाला न झेपणारी लिपी आहे, तिला रोमन केल्यावाचून गत्यंतर नाही, असे मानणाऱ्यांना मिळालेले ते उत्तर होते.

९/
पण प्रात्यक्षिकाचे यंत्र हे प्रात्यक्षिकापुरतेच असते. कचेरीतल्या कारकुनाला स्वतंत्र देवनागरी यंत्र नको होते. त्याला पगारपत्रक, साठ्याची नोंदवही आणि नावांची यादी हवी होती, आणि त्यासाठीचे प्रोग्राम इंग्रजीत आधीच तयार होते. प्रत्येक प्रोग्राम देवनागरीसाठी पुन्हा लिहायचा तर आयुष्य पुरले नसते. तेव्हा प्रश्न बदलला. देवनागरीचा संगणक कसा करावा, याऐवजी चालू संगणकात देवनागरी कशी बसवावी, हे पाहणे भाग पडले.

१०/
या प्रश्नाचे उत्तर पुण्याहून आले. १९८८ साली विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. लोकांना ती संस्था आठवते ती ‘परम’ महासंगणकामुळे. त्याच संस्थेत मोहन तांबे यांनी कानपूरला सुरू झालेले लिपीचे काम पुढे नेले. त्याचे नाव ‘जिस्ट’: ग्राफिक्स अँड इंटेलिजन्स बेस्ड स्क्रिप्ट टेक्नॉलॉजी. सामान्य माणसाच्या हाती ते आले एका कार्डाच्या रूपात. हे कार्ड आयबीएम पद्धतीच्या पीसीमध्ये बसवायचे, की तोच पीसी भारतीय लिप्यांत बोलू लागे.

११/
जिस्टचे खरे चातुर्य त्याच्या नमुन्यांच्या निवडीत दिसते. आपली क्षमता दाखवण्यासाठी त्याला खास लिहिलेल्या प्रोग्रामची गरज नव्हती. डीबेस, लोटस १-२-३ यांसारखे डॉसवरचे प्रचलित प्रोग्राम होते तसेच चालवायचे आणि त्यांत मराठी टंकायचे. त्या प्रोग्रामांना आपण मराठी हाताळत आहोत याचा पत्ताही नसे. प्रोग्रामच्या दृष्टीने ती केवळ काही अक्षरचिन्हे होती. त्यांचे सुडौल शब्द घडवण्याचे काम कार्ड करत असे. शित लोकांच्या रोजच्या भांड्यातले होते.

१२/
हे शक्य झाले ते एका करारामुळे. इंग्रजी अक्षरांना सात बिट पुरत. आठव्या बिटामुळे आणखी १२८ जागा मिळत. भारतीय लिप्यांच्या खुणा त्या वरच्या भागात बसवल्या आणि इंग्रजी खाली तशीच राहिली. या संकेतावलीचे नाव ‘इस्की’. १९८८ मध्ये तिचे एक रूप ठरले आणि १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने ती आयएस १३१९४ या क्रमांकाने प्रमाणित केली. प्रोग्रामने आठव्या बिटाला हात लावू नये, एवढीच काय ती अट.

१३/
खऱ्या प्रोग्रामांवर परीक्षा झाल्यामुळे खऱ्या अडचणीही लगेच कळू शकत. इस्कीत ‘सिंधुदुर्ग’ दहा जागा घेतो, पण वाचणाऱ्याला अक्षरे दिसतात चारच: सिं, धु, दु, र्ग. चार अक्षरांच्या शब्दाला आठ जागा भरपूर झाल्या असे समजून कोणी डीबेसमध्ये जिल्ह्याचा रकाना आठ जागांचा आखला, तर यादीत ‘सिंधुदुर’ एवढेच उरणार. केवळ पडद्यावर सुंदर शब्द दाखवणाऱ्या नमुन्यातून हा दोष कधीच दिसला नसता. तो दिसायला नोंदवहीच भरावी लागते.

१४/
इस्कीची आणखी एक खुबी होती. ब्राह्मीकुळातील लिप्यांसाठी तिने एकच सारणी वापरली. मराठीतला ‘क’ आणि कन्नडमधला ‘ಕ’ यांचा क्रमांक एकच. फरक फक्त दाखवण्याच्या लिपीचा. सिंधुदुर्गाच्या एका अंगाला गोवा आहे आणि घाटावर बेळगावकडचा कर्नाटक. मराठीत भरलेली नावांची यादी एका आज्ञेसरशी कन्नड लिपीत दिसू शकत असे. एका घटकातून किती लिप्यांचे काम निघते, हे दाखवायला याहून सोपा नमुना सापडला नसता.

१५/
येथपर्यंतची वाट सरळ होती. पुढे ती दुभंगली. विंडोज घरोघरी आली आणि मराठी मुद्रणव्यवसाय खिळ्यांकडून डीटीपीकडे वळला. विंडोजला देवनागरीची जुळणी ठाऊक नव्हती. तेव्हा टंकनिर्मात्यांनी वेगळी वाट धरली. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवायचे: कुठे वेलांटी, कुठे अर्धा ‘स’, कुठे रफार. ते डोळ्यांना दिसतील त्या क्रमाने मांडायचे. खिळे जुळवण्याचीच ही पद्धत, फक्त आता पडद्यावर आलेली.

१६/
या पद्धतीची परीक्षा कशावर झाली? छापलेल्या पानावर. पान देखणे निघाले, निमंत्रणपत्रिका सुरेख दिसली, दैनिकाचा मथळा ठसठशीत आला. मुद्रकाच्या कामाला तेवढे पुरेसे होते आणि त्या दृष्टीने नमुना खोटा नव्हता. पण तोच नमुना पाहून कचेऱ्यांनी आणि संस्थांनीही आपल्या नोंदी अशा टंकांत भरल्या. छपाईच्या भांड्यातले शित पाहून नोंदवहीच्या भाताची परीक्षा झाली.

१७/
किनाऱ्यावरची काही गावे घ्यावीत: शिरोडा, चिंदर, निवती, मिठबाव, विजयदुर्ग. वर्णक्रमाने चिंदर ‘च’मध्ये, निवती ‘न’मध्ये, शिरोडा ‘श’मध्ये यायला हवे. परंतु दृश्य क्रमाने साठवलेल्या मजकुरात या पाचही नावांची पहिली खूण वेलांटी असते. संगणकाला क्रम लावायला सांगितले की ही सगळी गावे एका जागी गोळा होतात, कारण यंत्राच्या लेखी त्यांचे आद्याक्षर वेलांटी आहे. ‘श’ने सुरू होणारी गावे शोधली तर शिरोडा सापडतच नाही. छापील पानावर यातले काहीही दिसत नाही.

१८/
आणखी गंभीर बाब म्हणजे प्रत्येक टंकनिर्मात्याची तुकड्यांची मांडणी वेगळी होती. एका टंकातला मजकूर दुसऱ्या टंकात उघडला की निरर्थक खुणांचा ढीग दिसे. मजकूर भाषेत साठवला गेला नव्हता. तो एका विशिष्ट टंकाच्या चित्रांत साठवला गेला होता. टंक हरवला की मजकूर मुका. मोडी वाचणारे दुर्मीळ झाल्यावर दप्तरे जशी अबोल होतात, तसेच हे झाले. फरक असा की मोडीला शतके लागली, येथे एका पिढीतच ती वेळ आली.

१९/
त्याच दशकात जगात अन्यत्रही घटकांच्या चौकटी आणि त्यांचे नमुने यांची धामधूम चालू होती. सन मायक्रोसिस्टिम्सने ‘जावाबीन्स’ ही घटकपद्धती आणली आणि ती शिकवण्यासाठी ‘बीनबॉक्स’ नावाची चाचणीपेटी दिली. त्यात चेंडू खेळवणारी एक छोटी आकृती आणि एक बटण असे घटक होते. बटणाची तार आकृतीला जोडली की दाबताक्षणी खेळ सुरू होई. दोन अनोळखी घटक एकही ओळ न लिहिता जुळतात, हे त्या खेळातून कळे. शिकवण्यासाठी नमुना उत्तम होता. बँकेचा व्यवहार या पद्धतीने झेपेल का, हे मात्र त्यातून कळणे शक्य नव्हते.

२०/
पुढचा नमुना मोठा होता. मोठ्या व्यावसायिक प्रणालींसाठीची जावाची चौकट दाखवायला सनने ‘पेट स्टोअर’ हे पाळीव प्राण्यांचे काल्पनिक ऑनलाइन दुकान रचले. मासे, कुत्री, मांजरे, पक्षी आणि सरपटणारे प्राणी यांची यादी, टोपली, मागणी, हिशोब असा सगळा संसार त्यात होता. हेतू अध्यापनाचा: चौकटीचा प्रत्येक भाग कोठे आणि कसा वापरावा हे दाखवणे. त्यामुळे प्रत्यक्ष दुकानाला लागले नसते इतके भाग त्यात मुद्दाम आणलेले होते.

२१/
२००१ मध्ये मायक्रोसॉफ्टने तेच दुकान आपल्या डॉटनेट चौकटीत बांधले, ‘पेट शॉप’ या नावाने, आणि जाहीर केले की आपले दुकान कित्येक पटींनी वेगवान असून त्यातील कोडच्या ओळी सुमारे एक-चतुर्थांशच आहेत. सनचे म्हणणे असे की पेट स्टोअर हा पाठ होता, शर्यतीचा घोडा नव्हे. ऑक्टोबर २००२ मध्ये एका सल्लागार कंपनीने नवी तुलना प्रसिद्ध केली आणि वाद अधिकच पेटला. शिकवण्यासाठी केलेला नमुना मोजमापाचा दंड म्हणून वापरला की काय होते, याचे हे ठळक उदाहरण ठरले.

२२/
त्याच वर्षी उलट दिशेचा प्रवासही घडला. रॉड जॉन्सन यांनी जावावरील आपल्या पुस्तकासाठी तिकीट-आरक्षणाचा नमुना-प्रोग्राम लिहिला. त्याला आधार देणारे कोड वाचकांना पुस्तकाहूनही उपयोगी वाटले. त्यातूनच ‘स्प्रिंग’ ही चौकट आकाराला आली आणि मार्च २००४ मध्ये तिची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. प्रत्यक्ष कामाच्या गरजा मनात धरून लिहिलेला नमुना इतका सकस असू शकतो की त्यातूनच चौकट जन्माला यावी.

२३/
या दोन टोकांच्या मध्ये देवनागरीचा पुढचा अध्याय घडला, आणि तो मुंबईशी जोडलेला आहे. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीवर आधारलेली होती. म्हणजे उच्चारक्रमाने साठवण्याचे सूत्र आता जगाच्या संकेतावलीत गेले. पण संकेत म्हणजे अक्षर नव्हे. दहा खुणांतून ‘सिंधुदुर्ग’ पडद्यावर घडवणारा कोणी तरी हवा होता. विंडोजमध्ये ते काम ‘युनिस्क्राइब’ या घटकाकडे आले, आणि २००० साली आलेल्या विंडोज २००० मध्ये हिंदी, मराठी, कोकणी व संस्कृत यांना मुळातच स्थान मिळाले.

२४/
युनिस्क्राइब एकटा मात्र पांगळा होता. कामाची वाटणी अशी होती: शब्दाचे अक्षरगट पाडणे आणि वेलांटी, रफार योग्य जागी हलवणे हे घटकाचे काम, अर्धे अक्षर, जोडाक्षर, रफार यांचे रूप पुरवणे हे ओपनटाइप पद्धतीच्या टंकाचे काम. या पद्धतीच्या संज्ञांमध्ये ‘अखंड’ हा आपला शब्दही रोमन रूपात जाऊन बसला आहे. क्ष, ज्ञ यांसारख्या एकसंध अक्षरांसाठी तो वापरतात. हा करार खरोखर पाळला जातो हे दाखवायला एक संपूर्ण टंक हवा होता.

२५/
तो टंक म्हणजे ‘मंगल’. त्याचे आरेखन र. कृ. जोशी यांचे. जे. जे.मध्ये उपयोजित कलेचे शिक्षण, जाहिरातक्षेत्रातील अनुभव, मग आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात अध्यापन आणि मुंबईच्याच राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात संगणकीय अक्षररचनेचे काम, असा त्यांचा प्रवास होता. बोरू आणि कुंचला यांनी घडलेल्या सुलेखनकाराने यंत्राच्या नियमांत बसणारी अक्षरे रेखाटली. फेब्रुवारी २००८ मध्ये त्यांचे निधन झाले.

२६/
मंगल हा घटकासोबत आलेला पहिला नमुना. पण नमुन्यापुरता तो राहिला नाही. विंडोजसोबत तो आपोआप मिळत असल्यामुळे असंख्य लोकांनी युनिकोड देवनागरी प्रथम पाहिली ती त्याच्या रूपात. आजही टंकलेखनाच्या वर्गांत आणि परीक्षांच्या सूचनांत ‘मंगल’ हा शब्द जणू युनिकोडचे दुसरे नाव म्हणून येतो. नमुन्याचे नाव व्यवस्थेलाच चिकटले. आणि या वेळी शिरोडा ‘श’मध्येच सापडू लागला, कारण टंक बदलला तरी आतील खुणा त्याच राहतात.

२७/
तरीही मराठीपुरती परीक्षा पुरी झाली नव्हती. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. हिंदीच्या मजकुरावर पारखलेली व्यवस्था पहिला शब्द बरोबर लिहील. दुसऱ्याची तिला कल्पनाही नसेल, कारण असा ‘र’ हिंदीत लागतच नाही. मराठीत मात्र तो पावलोपावली येतो: किनाऱ्यावर, शेतकऱ्याचे, सातबाऱ्यावरील, इतकेच काय, ‘ऱ्हस्व’ या व्याकरणाच्या संज्ञेतही. युनिकोडने त्यासाठी ‘ऱ’ आणि हलन्त असा मार्ग ठेवला. तो इस्कीकडून आलेला वारसा.

२८/
‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती थेट २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. तोवर ‘ॲप’ हा शब्दच मराठी वळणाने एका अक्षरखुणेत लिहिता येत नव्हता. म्हणजे नमुना-ॲपचे नावसुद्धा नमुन्यात बसत नव्हते. ‘ल’ आणि ‘श’ यांचे मराठी वळण वेगळे. संगणकांवर प्रथम रूढ झालेल्या अनेक टंकांत ही अक्षरे उत्तरेकडील वळणाची होती. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयाने महाराष्ट्राने आपली वर्णमाला आणि अक्षररूपे प्रमाणित केली. ओपनटाइपमध्ये मराठीसाठी निराळी रूपे देण्याची सोय आहे. टंकनिर्मात्याने ती वापरायची असते.

२९/
म्हणून सिंधुदुर्गाचे आठ तालुके हाच एक छोटा कसोटीचा पाठ होऊ शकतो. दोडामार्गचा रफार ‘ग’वर बसतो. वेंगुर्ल्याच्या मूळ नावात, ‘वेंगुर्ला’ लिहिताना, रफाराला ‘ल’ सोडून कान्याच्या माथ्यावर जावे लागते. कुडाळला ‘ळ’ हवा. सावंतवाडीला अनुस्वार, देवगडला मात्रा, वैभववाडीला दोन मात्रा. कणकवली आणि मालवण ही सर्वांत सोपी नावे वाटतात. ना जोडाक्षर, ना रफार. पण ‘ल’चे मराठी वळण तपासायचे तर हीच दोन नावे कामाला येतात. सोपा शब्दही काही तरी विचारत असतो.

३०/
आणि ही यादीही अपुरीच. आठांपैकी एकाही नावात ऱ्हस्व वेलांटी नाही. त्यासाठी जिल्ह्याचे नाव घ्यावे लागते. ‘दऱ्या’मधला ‘ऱ’ नाही. त्यासाठी किनाऱ्यावर जावे लागते. कानपूरच्या प्रात्यक्षिकापासून मंगलपर्यंतचा प्रवास हेच सांगतो. लोकांच्या रोजच्या कामावर उभा राहिलेला जिस्टचा नमुना खरा ठरला. केवळ छापील पानावर भिस्त ठेवणारा नमुना नोंदवह्यांना महाग पडला. नमुना निवडणारा जी भाषा बोलतो तिचीच परीक्षा होते. आपल्या भाषेची व्हावी असे वाटत असेल तर शित आपल्या भांड्यातून, आपल्याच हाताने काढावे लागते.